मुंबई उपनगरांतील वनवाटा

मुंबई उपनगरांतील वनवाटा म्हणजे साष्टी बेटाच्या मध्यभागी असलेल्या डोंगररांगेतील व तिच्या पायथ्याच्या वनक्षेत्रातील पायवाटा आणि अंतर्गत रस्ते होत. या वाटांचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. उरलेल्या वाटा गोरेगावची आरे दुग्ध वसाहत, पवई तलावाचा परिसर आणि ठाणे खाडीचा काठ येथे आहेत. पश्चिमेस अंधेरी ते बोरीवली व दहिसर, तर पूर्वेस घाटकोपर ते मुलुंड अशी दाट लोकवस्ती या हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहे. कान्हेरीचे बौद्ध भिक्षू, डोंगरातील आदिवासी, तलाव बांधणारे कामगार आणि आधुनिक काळातील पदभ्रमण करणारे नागरिक अशा अनेकांनी निरनिराळ्या काळांत या वाटा वापरल्या आहेत. पायी, सायकलने किंवा घोड्यावरून या भागात फिरण्याची मुभा कायदा, वन विभागाचे नियम आणि वन्यप्राण्यांचा वावर यांवरून ठरते.

भूगोल

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर असून ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. डोंगर बेसॉल्ट या काळ्या कातळाचे आहेत. जांभूळमाळ हे येथील सर्वोच्च ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ४६८ मीटर उंचीवर आहे. उद्यानाच्या पोटात तुळशी व विहार हे दोन तलाव असून दक्षिणेस, उद्यानाच्या हद्दीबाहेर पवई तलाव आहे. तुळशी तलावाच्या परिसरातून दहिसर नदी उगम पावते, तर विहार व पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी नदी वाहू लागते. उपनगरांतून काँक्रीटच्या भिंतींमध्ये वाहणाऱ्या या नद्या वरच्या अंगाला अजूनही जंगलातील ओढे आहेत. अनेक वाटा या ओढ्यांच्या काठानेच जातात.

वसईच्या खाडीपलीकडचा नागला हा भाग उद्यानाचाच असला तरी मुख्य क्षेत्रापासून खाडीने वेगळा झालेला आहे. त्याच्या पुढे तुंगारेश्वर अभयारण्याचे डोंगर लागतात.

येथील वन प्रामुख्याने आर्द्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, कुडा, पळस, पांगारा, काटेसावर व बहावा ही झाडे सर्वत्र आढळतात. उतारांवर कारवीची दाट झुडपे आहेत. कारवी सात ते आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ मध्ये उद्यानात ती मोठ्या प्रमाणावर फुलली होती आणि ती पाहण्यासाठी या वाटांवर गर्दी झाली होती. पक्ष्यांच्या सुमारे २५० व फुलपाखरांच्या दीडशेहून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे.

इतिहास

प्राचीन काळ

या डोंगरातील सर्वांत जुन्या ज्ञात वाटा कान्हेरीच्या लेण्यांशी संबंधित आहेत. कान्हेरी हे नाव 'कृष्णगिरी' म्हणजे काळा डोंगर या शब्दापासून आले आहे. इ.स.पू. पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे शंभरांहून अधिक लेणी खोदली गेली. सोपारा, कल्याण व ठाणे या व्यापारी केंद्रांच्या सान्निध्यात असूनही एकांत देणारे हे स्थान भिक्षूंच्या वर्षावासाला सोयीचे होते. लेण्यांना जोडणाऱ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पावसाचे पाणी साठवणाऱ्या पोढी आजही वापरण्याजोग्या अवस्थेत दिसतात.

भिक्षूंचा आसपासच्या गावांशी नित्य संबंध होता. कान्हेरीच्या एका शिलालेखात संघाला दान दिलेल्या शेताच्या संदर्भात मंगलथान या गावाचा उल्लेख आहे. हे गाव म्हणजे बोरीवलीजवळचे आजचे मागाठाणे होय. लेण्यांचा वापर मंदावल्यानंतरही वाट चालू राहिली. इ.स. १००९ व १०२१ या वर्षांतील पहलवी लिपीतील लेख येथे कोरलेले असून त्यांत लेणी पाहण्यास आलेल्या पारशी मंडळींची नावे आहेत. या डोंगरात निव्वळ भेटीसाठी आलेल्या लोकांची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक नोंद आहे.

तलाव आणि पाणलोट क्षेत्र

एकोणिसाव्या शतकात वाढत्या मुंबई शहराला विहिरींचे पाणी पुरेना. तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधण्यात आला आणि १८६० पासून शहरास नळाने पाणी मिळू लागले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने ही योजना आखली होती. पुढे १८७९ मध्ये तुळशी व १८९० मध्ये पवई तलाव पूर्ण झाला. पिण्याचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तलावांभोवतालच्या पाणलोट क्षेत्रात वस्ती, शेती व चराई यांवर निर्बंध आले. सभोवतालचे साष्टी बेट विसाव्या शतकात बांधकामांखाली गेले, पण हा डोंगर त्यातून वाचला. शहराची पाण्याची गरज हे त्याचे एक प्रमुख कारण होते. तुळशी व विहार तलावांचा परिसर अद्याप सामान्य पर्यटकांसाठी बंद आहे.

राष्ट्रीय उद्यान

स्वातंत्र्यापूर्वी कान्हेरीच्या आसपासचे सुमारे २० चौरस किलोमीटर क्षेत्र कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाई. १९६९ मध्ये लगतची राखीव वने जोडून त्याचा विस्तार करण्यात आला. पुढे ते बोरीवली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८० च्या दशकापासून त्यास सध्याचे नाव आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र ते 'नॅशनल पार्क' म्हणूनच रूढ आहे. बोरीवलीच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळील पर्यटनासाठी राखलेल्या भागाला कृष्णगिरी उपवन हे जुने नाव कायम आहे.

प्रमुख वाटा

कान्हेरी रस्ता: मुख्य प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचा हा डांबरी रस्ता सुमारे सहा किलोमीटरांचा आहे. रस्ता दाट झाडीतून जातो व शेवटच्या टप्प्यात चढ लागतो. परवानगीची वेगळी प्रक्रिया न करता, केवळ प्रवेश शुल्क भरून चालता येण्याजोगा उद्यानातील हा सर्वांत लांब मार्ग आहे. लेण्यांच्या माथ्यावरील कातळावरून भोवतालचे जंगल व त्यापलीकडे उपनगरांच्या इमारती एकाच वेळी दिसतात.

शिलोंढा: दहिसर नदीच्या वरच्या प्रवाहालगत जाणारी ही निसर्गवाट आहे. फुलपाखरे, पाणवठ्यावरील पक्षी व ओढ्यातील कातळ यांसाठी ती प्रसिद्ध आहे. येथे वन विभागाच्या परवानगीने व मार्गदर्शकासह जाता येते.

जांभूळमाळ: सर्वोच्च स्थानी नेणारी ही वाट चढणीची असून येथून तुळशी, विहार व पवई हे तिन्ही तलाव दृष्टीस पडतात. वाट गाभ्याच्या क्षेत्रातून जात असल्याने पूर्वपरवानगी आवश्यक असते.

नागला: खाडीपलीकडील या भागात मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील ससूनवघर गावाच्या बाजूने प्रवेश आहे. एका बाजूस जंगल व दुसऱ्या बाजूस खाडी असल्याने दोन्ही अधिवासांतील पक्षी येथे एकाच फेरीत दिसतात. पक्षिनिरीक्षकांची ये-जा येथे अधिक असते.

येऊर: ठाणे शहराच्या बाजूने उद्यानात जाणाऱ्या वाटा येऊरच्या डोंगरातून सुरू होतात. येथे आदिवासी पाडे व हवाई दलाचे केंद्र आहे.

मुलुंड व भांडुप: पूर्व उपनगरांच्या अंगाने डोंगर तीव्र उताराचा आहे. मुलुंड कॉलनीच्या पाठीमागील पायथ्याशी सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. भांडुप येथे मुंबई महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण संकुल उद्यानाच्या सीमेलगत आहे. या बाजूने उद्यानात शिरण्यासाठी बोरीवलीसारखे पर्यटकांचे प्रवेशद्वार नाही.

आरे व गोरेगाव: आरे दुग्ध वसाहतीची स्थापना १९४९ मध्ये झाली. शहरातील गोठे हलवण्यासाठी वसवलेल्या या सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात कुरणे, झाडी, आदिवासी पाडे व अंतर्गत रस्ते आहेत. लगतच चित्रनगरीच्या बाजूला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे ३३ एकरांचे संवर्धन शिक्षण केंद्र असून तेथे शाळांसाठी व नागरिकांसाठी निसर्गफेऱ्या घेतल्या जातात. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली.

खाडीकाठ: भांडुप उदंचन केंद्राजवळील मिठागरे व खारफुटी यांच्यामधील वाट पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाची आहे. हिवाळ्यात व त्यानंतर येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

सायकल

राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्याने मिळतात. त्या प्रामुख्याने डांबरी रस्त्यांवरच चालवता येतात. कान्हेरीकडे जाताना चढामुळे अनेकांना काही अंतर सायकल हाताने न्यावी लागते, तर परतीच्या उतारावर वेगावर ताबा ठेवावा लागतो, कारण माकडे व हरणे अचानक रस्ता ओलांडतात. कच्च्या निसर्गवाटा पायी फिरण्यासाठी राखलेल्या आहेत. चाकांमुळे पावसाळ्यात मऊ झालेली माती उखडते, चरे पडतात व त्यांतून पाणी वाहून वाट धुपते.

उद्यानाबाहेर सायकलस्वारांचा आवडता मार्ग म्हणजे आरेतील दिनकरराव देसाई मार्ग. गोरेगावहून मरोळ व पवईकडे जाणारा हा रस्ता पहाटे सायकलींनी, तर दिवसा मोटारींनी भरलेला असतो.

मुंबई महानगरपालिकेने तानसा जलवाहिनीच्या कडेने सायकल व पदपथ उभारण्याची 'हरितवारी जलतीरी' ही योजना हाती घेतली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी तिच्या दोन्ही बाजूंची अतिक्रमणे न्यायालयाच्या आदेशाने हटवल्यावर मोकळी झालेली पट्टी पुन्हा व्यापली जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. मुलुंडपासून घाटकोपरमार्गे शहराच्या दिशेने एकूण ३९ किलोमीटर मार्गाचे नियोजन होते.

पवई तलावाभोवतीच्या सायकल मार्गाचा अनुभव वेगळा ठरला. महापालिकेने तलावाच्या काठाने भराव घालून हे काम सुरू केले होते. पाणथळ जागेचे व तेथील मगरींच्या अधिवासाचे नुकसान होत असल्याचे सांगत त्यास विरोध झाला व प्रकरण न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे बांधकाम बेकायदेशीर ठरवून ते काढून टाकण्याचा व जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सायकल हे प्रदूषण न करणारे वाहन असले तरी तिच्यासाठी बांधलेला मार्ग निसर्गाला बाधक ठरू शकतो, हा मुद्दा या प्रकरणामुळे चर्चेत आला.

घोडेस्वारी

उपनगरांतील वनवाटांवर पर्यटकांसाठी घोडेस्वारीची सोय नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३५ नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास व पाळीव जनावरे आणण्यास बंदी आहे. प्रवेशाचा अधिकार असलेल्या व्यक्तीने वाहन म्हणून वापरलेले जनावर एवढाच अपवाद त्यात केलेला आहे. पाळीव जनावरांपासून वन्यप्राण्यांना रोगांचा संसर्ग होऊ शकतो, तसेच चराईमुळे रोपे नष्ट होतात, अशी कारणे अशा बंदीच्या समर्थनार्थ दिली जातात.

उपनगरांत घोड्याची सफर मुख्यतः जुहूसारख्या चौपाट्यांवर आढळते. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यावरून डोंगरवाटा पाहण्याची परंपरा असलेले मुंबईजवळचे ठिकाण रायगड जिल्ह्यातील माथेरान हे आहे. तेथे खासगी मोटारींना बंदी असल्याने लाल मातीच्या रस्त्यांवर पायी चालणे, घोडा आणि हातरिक्षा ही प्रवासाची साधने टिकून राहिली. घोडे पाळणाऱ्या अनेक स्थानिक कुटुंबांचा उदरनिर्वाह त्यावर चालतो.

पाडे आणि त्यांच्या वाटा

उद्यानात व आरे परिसरात वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी व कातकरी समाजाची वस्ती असलेले अनेक पाडे आहेत. नवापाडा, रावणपाडा व तुमणीपाडा हे उद्यानातील काही पाडे होत. आज निसर्गवाटा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या अनेक वाटा मुळात पाड्यावरून पाड्यावर, ओढ्यावर किंवा बाजाराला जाण्याच्या वाटा आहेत. शेवळा, टाकळा, कुर्डू यांसारख्या रानभाज्या, मोहाची फुले व सरपण यांसाठी त्या वापरल्या जात. कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या याच वाटांनी आणल्या जात.

राष्ट्रीय उद्यानाच्या नियमांमुळे या वापरावर मर्यादा आल्या. १९९५ मध्ये दाखल झालेल्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. त्यानंतर हजारो झोपड्या हटवण्यात आल्या व पात्र कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी चांदिवली येथे घरे बांधली गेली. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहणारे आदिवासी आणि नंतर आलेले रहिवासी यांत फरक कसा करावा, हा प्रश्न या काळात तीव्र झाला. २००६ च्या वन हक्क कायद्याने आदिवासींच्या वनावरील हक्कांना कायदेशीर आधार दिला. तरीही पाड्यांवर वीज, पाणी व रस्ता या सोयी देण्यावरून मतभेद कायम आहेत. निसर्गवाटांवर मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्यांत पाड्यांवरील तरुणांचाही समावेश असतो.

बिबट्या

चहूबाजूंनी महानगराने वेढलेल्या वनात बिबट्यांची नांदती संख्या हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य मानले जाते. कॅमेरा सापळ्यांच्या आधारे २०१५ मध्ये उद्यान व परिसरात ३५, तर २०१८ च्या अभ्यासात ४७ बिबटे नोंदवले गेले. कॅमेरे बहुधा पायवाटांच्या कडेलाच बसवले जातात, कारण दाट झुडपांतून जाण्यापेक्षा बिबट्यालाही मळलेली वाट सोयीची पडते. माणसे दिवसा जी वाट चालतात तीच बिबट्या रात्री चालतो. वाटांवरील प्रवेश सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी मर्यादित ठेवण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

२००२ ते २००४ या काळात माणसांवरील हल्ल्यांत मोठी वाढ झाली आणि विशेषतः २००४ च्या जून महिन्यात अनेक बळी गेले. त्या वेळी वस्तीत दिसलेले बिबटे पकडून उद्यानात सोडण्याची पद्धत होती. अशा स्थलांतराने संघर्ष कमी न होता वाढू शकतो, असे महाराष्ट्रातील अभ्यासांतून पुढे आले. २०११ मध्ये वन विभाग, संशोधक व नागरिक यांच्या सहभागाने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. कचरा व त्यामुळे वाढणारी भटकी कुत्री यांवर नियंत्रण, मुलांना अंधारात एकटे न सोडणे आणि बिबट्या दिसताच गर्दी न करणे यांवर त्यात भर देण्यात आला. वारली समाजात वाघ व बिबट्या यांना वाघोबा या देवतेच्या रूपात पुजण्याची प्रथा आहे. आरे व उद्यानाच्या परिसरात वाघोबाची स्थाने आढळतात.

प्रवेशाचे नियम

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करणे हा वन्यजीव अधिनियमानुसार गुन्हा आहे. अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी परवानगी दिली जाते. व्यवहारात उद्यानाचे तीन भाग पडतात. कृष्णगिरी उपवन व कान्हेरी रस्ता प्रवेश शुल्क भरून सर्वांना खुला आहे. शिलोंढा, नागला यांसारख्या निसर्गवाटांवर पूर्वनोंदणी करून मार्गदर्शकासह जाता येते. तलावांचा परिसर व गाभ्याचे उर्वरित क्षेत्र बंद असते. नियमित फिरायला येणाऱ्या नागरिकांना सवलतीचे पास दिले जातात. उद्यान सोमवारी बंद असते. प्लॅस्टिक नेणे, माकडांना खाऊ घालणे व आग पेटवणे यांस मनाई आहे.

ऋतुमान आणि धोके

जून ते सप्टेंबर या काळात डोंगरावर मुसळधार पाऊस पडतो. धबधबे पाहण्यासाठी याच काळात सर्वाधिक लोक येतात, आणि धोकाही याच काळात अधिक असतो. वरच्या भागात पाऊस झाल्यास ओढ्यांचे पाणी थोड्याच वेळात वाढते, शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरतो आणि धुक्यात व वाढलेल्या गवतात वाट हरवते. सीमाभिंतीच्या पडक्या भागांतून परवानगीविना आत शिरलेल्या व्यक्ती रस्ता चुकल्यास त्यांचा शोध घेणे कठीण जाते, कारण त्यांच्या प्रवेशाची नोंद कोठेही नसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पक्षिनिरीक्षण व लांब पल्ल्याच्या चालीसाठी अनुकूल असतो. मार्चनंतर पानगळ व उष्णता वाढते व वणव्यांचा धोका असतो.

बदल आणि वाद

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने उद्यानाभोवतालचे सुमारे ५९ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले. मेट्रो कारशेडसाठी निश्चित केलेली आरेतील जागा त्यातून वगळण्यात आली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये या जागेवरील दोन हजारांहून अधिक झाडे रात्रीतून तोडण्यात आली. त्यावर मोठे जनआंदोलन झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोडीस स्थगिती दिली. पुढे आरेतील सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर करण्यात आली. दररोज आरेत फिरायला, धावायला व सायकल चालवायला येणारे नागरिक आणि तेथील आदिवासी या आंदोलनात एकत्र आले होते.

पश्चिम व पूर्व उपनगरे जोडणारा गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे–बोरीवली मार्ग यांचे जुळे बोगदे उद्यानाच्या डोंगराखालून नेण्याचे नियोजन आहे. दोन्ही बोगद्यांच्या कामाचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले. रस्ता जमिनीखालून गेल्याने वरचे जंगल अखंड राहील, अशी प्रशासनाची भूमिका आहे. बोगद्यांच्या तोंडाशी होणारी वृक्षतोड, पाड्यांचे विस्थापन व भूजलावरील परिणाम यांबाबत पर्यावरण कार्यकर्त्यांनी आक्षेप नोंदवले आहेत. एका बाजूच्या उपनगरातून दुसऱ्या बाजूला डोंगर ओलांडून जाणाऱ्या खुल्या सार्वजनिक पायवाटेची मात्र कोणतीही योजना नाही. पाणलोट क्षेत्र व गाभ्याचे वन मधोमध असल्याने बोरीवली आणि मुलुंड ही उपनगरे एकाच डोंगराच्या दोन पायथ्यांशी असूनही पायी एकमेकांपासून दूर राहिली आहेत.

हेही पाहा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
कान्हेरी लेणी
आरे दुग्ध वसाहत
विहार तलाव
पवई तलाव
तुंगारेश्वर अभयारण्य
माथेरान